दृश्ययंत्रातील गुंतवणूक : शांबरिक खरोलिकेपासून मिश्र वास्तवापर्यंत

प्रस्तावना

अहिल्यानगर शहरालगतच्या नागापूर औद्योगिक वसाहतीत अभियांत्रिकी उद्योगांचे स्थान महत्त्वाचे आहे. नवख्या कामगाराला समोरच्या यंत्रावरच आकृत्या व सूचना दिसाव्यात, अशी सोय मिश्र वास्तवाचे हेडसेट करू शकतात. अशा हेडसेटसाठी ॲप तयार करण्यात येथील एखाद्या लहान उद्योजकाने भांडवल गुंतवावे काय? हा प्रश्न नवा वाटला तरी नव्या दृश्ययंत्रावर पैसा लावण्याचा प्रसंग महाराष्ट्रात पूर्वीही आला होता. त्या अनुभवाच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पूर्वानुभव

कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ मध्ये शांबरिक खरोलिकेचे खेळ सुरू केले. काचेवर रंगविलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर पाडून त्यांना निवेदनाची जोड दिली जाई. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे दाखविली गेली. त्यांनी प्रभावित होऊन छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी लंडनहून कॅमेरा मागविला. कुस्तीचा सामना, तसेच १९०१ मध्ये रँग्लर परांजपे यांचे मायदेशी झालेले स्वागत त्यांनी चित्रित केले. पुढे मात्र ते चित्रपटगृहाच्या व्यवसायाकडे वळले. यंत्र प्रथम आणणाऱ्यालाच त्याचे पूर्ण फळ मिळते असे नाही, हे यावरून दिसते.

दादासाहेब फाळके यांचा मार्ग वेगळा होता. आयुर्विमा तारण ठेवून त्यांनी कर्ज काढले व १९१२ मध्ये लंडनला जाऊन तंत्र शिकून घेतले. परतल्यावर त्यांनी लगेच मोठा चित्रपट हाती घेतला नाही. रोपाच्या वाढीचे टप्प्याटप्प्याने चित्रण करून प्रथम एक लघुपट केला आणि तो दाखवून भांडवलदाराचा विश्वास मिळविला. सरस्वतीबाईंचे दागिनेही या उद्योगात खर्ची पडले. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. फाळक्यांचे साहस सर्वश्रुत आहे. त्यामागील छोट्या, स्वस्त प्रयोगाकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही.

१९३१ मध्ये ‘आलम आरा’ने बोलपट आणला आणि मूकपटाचे तंत्र काही वर्षांतच मागे पडले. फाळक्यांच्या ‘सेतुबंधन’ या मूकपटाला नंतर ध्वनीची जोड द्यावी लागली. याउलट १९२९ मध्ये मूकपटांपासून आरंभ केलेल्या प्रभात कंपनीने १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट काढला. त्याची कथा हरिश्चंद्राचीच होती. यंत्र बदलले, कथा टिकली.

आजची स्थिती

मिश्र वास्तवाच्या क्षेत्रात यंत्रे याहून लवकर बदलत आहेत. मायक्रोसॉफ्टचे होलोलेन्स २ हे ३,५०० डॉलर किमतीचे उपकरण २०१९ मध्ये आले. २०२४ मध्ये त्याचे उत्पादन थांबविण्यात आले. गुगलने ग्लासच्या उद्योगांसाठीच्या आवृत्तीची विक्री मार्च २०२३ मध्ये बंद केली. ॲपलचे व्हिजन प्रो फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत ३,४९९ डॉलरना विक्रीस आले. मेटाच्या या क्षेत्रातील विभागाला २०२४ या एका वर्षात १७ अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला. असा तोटा मोठी कंपनी सोसू शकते. कर्ज काढून चार तंत्रज्ञ नेमणाऱ्या उद्योजकाला एखादे उपकरण बंद पडणेही पुरेसे ठरते.

येथे चित्रपटाशी असलेल्या साम्याची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. एका प्रक्षेपकासमोर शेकडो प्रेक्षक बसत व तिकिटांतून खर्च निघे. हेडसेट एका वेळी एकाच व्यक्तीच्या डोळ्यांवर असतो. त्यामुळे घरोघरच्या ग्राहकांवर विसंबण्यापेक्षा जेथे एक हेडसेट अनेक कामगारांना पाळीपाळीने वापरता येईल आणि एक चूक टळल्यास खर्च भरून निघेल, असा कारखाना हाच या उद्योजकाचा स्वाभाविक ग्राहक ठरतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, गुंतवणूक करावी, परंतु ती उपकरणावर नव्हे. प्रथम एका कारखान्यातील एकाच कामासाठी लहान प्रयोग करावा आणि त्याचा खर्च शक्यतो त्या कारखान्याने उचलावा. तसा ग्राहक मिळत नसेल तर थांबणे हाही विचारपूर्वक घेतलेला निर्णयच होय. दुसरे असे की, यंत्रांच्या त्रिमितीय आकृत्या व कुशल कामगारांचे नोंदविलेले अनुभव हीच खरी मालमत्ता समजून ती कोणत्याही उपकरणावर नेता येईल अशा स्वरूपात जतन करावी. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेले ओपनएक्सआर हे सामायिक मानक या कामी काही अंशी उपयोगी पडते. अनुभवी कामगार निवृत्त झाला की त्याच्या हातचे कसब त्याच्याबरोबर जाते. ते नोंदवून ठेवण्यावर झालेला खर्च हेडसेट कालबाह्य झाला तरी वाया जाणार नाही.