काटकसरीच्या रेषा

अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, तिवसा तालुक्यात, मोझरी हे गाव लागते, आणि त्याच्या लगतच तुकडोजी महाराजांनी 1935 साली स्थापन केलेला गुरुकुंज आश्रम आहे. लोकशिक्षणाला किती अल्प साधने पुरतात याचा दाखला द्यावयाचा झाला, तर वऱ्हाडातला माणूस सहजच या आश्रमाकडे बोट दाखवितो. कारण एक खंजिरी, एक कंठ आणि सायंकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला जमलेला गाव, एवढ्याच भांडवलावर महाराजांनी ग्रामसफाईपासून व्यसनमुक्तीपर्यंतचे विषय अक्षरओळखही नसलेल्या माणसांच्या गळी उतरविले. 11 ऑक्टोबर 1968 रोजी त्यांचे देहावसान झाले, तेव्हा भारतात दूरचित्रवाणी होती ती केवळ दिल्लीत. मुंबईचे केंद्र सुरू व्हावयास आणखी चार वर्षांचा अवकाश होता, आणि वऱ्हाडच्या खेड्यांचा तर तिच्या दप्तरात अजून उल्लेखही नव्हता. पुढे ती आली आणि तिच्यामागोमाग मुलांना जागच्या जागी खिळविणारी कार्टूनेही आली. परंतु ही कार्टूने कोणत्या निकडीतून जन्मली याचा शोध घेऊ गेल्यास हाती लागतो तोही अल्प साधनांचाच इतिहास.

चित्रपटाच्या पडद्यावरून दर सेकंदाला 24 चौकटी सरकतात. प्रत्येक चौकटीसाठी निराळे चित्र काढावयाचे म्हटले, तर एका मिनिटाच्या करमणुकीला 1,440 चित्रे लागतात, आणि एक चित्र दोन चौकटींवर निभावून नेले, तरी त्यांची संख्या 720च्या खाली येत नाही. एवढा खर्च अंगावर न घेता जागची न हलणारी वस्तू चालविण्याची युक्ती आपल्याकडे प्रथम साधली ती दादासाहेब फाळके यांना. ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्यापूर्वी त्यांनी कुंडीत उगवणाऱ्या वाटाण्याच्या रोपाची एकेक चौकट कित्येक दिवस टिपून ‘अंकुराची वाढ’ दाखविली होती, आणि भांडवलदारांचा विश्वास संपादन करण्यास तीच चिमुकली फीत त्यांच्या उपयोगी पडली. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात भांडवल आणि सामग्री या दोहोंची चणचण भासू लागली, तेव्हा 1915 साली याच तंत्राने त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ रचली. त्या फितीतील नटमंडळी म्हणजे काड्यापेटीतल्या काड्या! त्यांना पगार नको, पोशाख नको, रुसवेफुगवे तर नाहीतच. ती फीत आज पाहावयास मिळत नाही. परंतु या देशातील ॲनिमेशनची वंशावळ मांडताना तिलाच मूळपुरुषाचे स्थान द्यावे लागते. पुढे 1930नंतरच्या दशकात ‘प्रभात’ने ‘जंबूकाका’ नावाचा कोल्हा पडद्यावर आणला खरा, पण तो फार काळ रमला नाही. बोलपट काढणाऱ्या कंपनीला कोल्ह्याचा खर्च परवडण्याचे दिवस ते नव्हते.

परवडण्याचा हाच प्रश्न अमेरिकेत दूरचित्रवाणीपुढे उभा राहिला, आणि तेथे त्याचे उत्तर फार धूर्तपणे शोधण्यात आले. ॲलेक्स अँडरसन आणि जे वॉर्ड यांची ‘क्रुसेडर रॅबिट’ ही ससोबाची मालिका 1950मध्ये दाखविली जाऊ लागली. खास दूरचित्रवाणीसाठी निर्माण झालेली पहिली कार्टूनमालिका म्हणून तिचा निर्देश होतो, यद्यपि तिच्यात हालचाल इतकी थोडी होती, की चित्रकथेची पाने कोणी वाचून दाखवीत असल्याचाच भास व्हावा. पुढे 1957 साली एमजीएमने आपला कार्टून विभाग बंद केला, आणि ‘टॉम अँड जेरी’चे जनक हॅना आणि बार्बेरा यांच्यावर उदरनिर्वाहाची नवी तजवीज करण्याची पाळी आली. चित्रपटगृहासाठी जेवढा पैसा मिळत असे, त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी रकमेत आता तेवढ्याच लांबीचे काम उरकावयाचे होते. तेव्हा त्यांनी धड स्थिर ठेवून डोके, ओठ आणि हात तेवढे हलविले, धावणाऱ्या पात्रामागे तेच झाड पुन्हा पुन्हा फिरविले, आणि अस्वलाच्या गळ्यात कॉलर व टाय अडकविला. तो टाय शोभेसाठी आहे असे समजणाऱ्या भाबड्या प्रेक्षकाची गंमत वाटते. वस्तुतः हलणारे डोके आणि न हलणारे धड यांचा सांधा त्याआड झाकला जाई. चित्रात जे उणे पडले ते संवादांनी आणि आवाजांनी भरून काढले, आणि 1960मध्ये ‘द फ्लिंटस्टोन्स’ने तर रात्रीच्या भोजनोत्तर वेळेत थोरामोठ्यांनाही पडद्यापुढे बसविले.

जपानमध्ये ओसामू तेझुका यांनी हाच शिरस्ता आणखी ताणला. तुकडोजी महाराज विश्वधर्म परिषदेच्या निमित्ताने 1955 साली त्या देशात खंजिरी वाजवून आले होते; त्यानंतर आठ वर्षांनी, 1 जानेवारी 1963 रोजी, ‘ॲस्ट्रो बॉय’ तेथील घराघरांत अवतरला. एक चित्र तीन तीन चौकटी टिकवावे, एकदा काढलेली चित्रे जपून ठेवून पुढील भागांत वापरावी, असा त्यांच्या कारखान्याचा संसार होता. अभिजात ॲनिमेशनच्या अभिमान्यांनी त्याला नाके मुरडली, पण मला ही टीका अन्यायाची वाटते. ज्याला दर आठवड्याला नवी कथा हजर करावयाची आहे, त्याने रेषा मोजून वापराव्या हेच योग्य.

आपल्याकडे मात्र बाजारपेठेची नव्हे, तर सरकारी खात्याची वाट चोखाळली गेली. फिल्म्स डिव्हिजनने मुंबईत कार्टून विभाग काढला. डिस्नेच्या चित्रशाळेत काम केलेले क्लेअर वीक्स तेथील चित्रकारांना शिकविण्यास आले, आणि जी. के. गोखले यांच्यासारख्या मंडळींच्या हातून 1957मध्ये जातककथेवरील ‘द बनियन डियर’ तयार झाला. परंतु हा सारा सरंजाम चित्रपटगृहासाठी होता, घरच्या पडद्यासाठी नव्हे. तो दुवा जुळविण्याचे श्रेय बऱ्याच अंशी विजया मुळे यांना द्यावे लागेल. मुंबईत जन्मलेल्या आणि विवाहानंतर पाटण्यास गेलेल्या या विदुषीने 1974 साली भीमसेन यांच्यासमवेत ‘एक अनेक और एकता’ निर्माण केला. पारध्याचे जाळेच घेऊन उडणारी पाखरे ही पंचतंत्रातील जुनी कथा, ‘प्रभात’मध्ये उमेदवारी केलेल्या वसंत देसाई यांचे संगीत, आणि पुढे साधना सरगम म्हणून नावारूपास आलेल्या कोकणातील एका चिमुरडीचा आवाज, असा तो अवघ्या सात मिनिटांचा ऐवज होता, पण दूरदर्शनने तो इतक्या वेळा दाखविला, की एका पिढीला तो पाठ झाला. पाहू गेल्यास त्यातही हालचाल बेताचीच आहे, रेषा साध्या आहेत, आणि मुलाच्या वहीतील चित्रांशी त्यांचे नाते असल्यामुळेच त्या गोड वाटतात. वर्षभरात, 1 ऑगस्ट 1975 रोजी, उपग्रहाद्वारे खेड्यांना शिक्षण देण्याचा प्रयोग सुरू झाला. सहा राज्यांतील 2,400 गावांना संच मिळाले, आणि मुलांच्या कार्यक्रमांत मुळे यांचा मोठा वाटा होता. त्या सहा राज्यांत महाराष्ट्राचे नाव नव्हते. विजापूर, गुलबर्ग्याच्या खेड्यांना जे लाभले ते वऱ्हाडाला लाभले नाही, आणि ज्या भूमीत लोकशिक्षणाची मशागत आधीच झाली होती, तीच यादीतून सुटली, याची रुखरुख लागल्यावाचून राहत नाही.

वऱ्हाडच्या गावांत दूरचित्रवाणी पोचली ती 1982च्या आशियाई खेळांनंतर लहान क्षेपक यंत्रे जागोजाग उभी राहिली तेव्हा. शुद्धसत्त्व बसू यांची ‘गायब आया’ ही भुताची मालिका 1986 साली आली. भारतीय बनावटीच्या पहिल्या कार्टूनमालिकेचा मान तिला दिला जातो. पण तिची बोली हिंदी होती, आणि 1993च्या रविवारी सकाळी ज्याने सर्वांवर मात केली त्या ‘जंगल बुक’ची बोलीही हिंदीच. त्याचा प्रवास मात्र विलक्षण आहे. ज्या वैनगंगेकाठच्या सिवनीच्या रानात मोगली वाढला, ते रान नागपूरच्या उत्तरेस, म्हणजे वऱ्हाडकरांच्या हाकेच्याच अंतरावर. किपलिंगने ती कथा अमेरिकेतील व्हर्माँटमध्ये बसून लिहिली, जपानी चित्रकारांनी आपल्या काटकसरी पद्धतीने ती रेखाटली, गुलजारांनी तिला गाणे दिले, आणि शेरखानाच्या मुखी आवाज घातला तो मुरूड-जंजिऱ्याच्या नाना पाटेकर यांनी. इतक्या मुलखांतून फिरून आपल्याच शेजारचे रान तिवस्या-मोझरीकडच्या मुलांसमोर आले, आणि वाघ बोलू लागला तो वऱ्हाडीत नव्हे, तर कोकणच्या माणसाच्या हिंदीत.