‘शब्दयोगी’ या नावाची गोष्ट

‘पणती तुळशीपुढे ठेव,’ असे आजी म्हणते. आणि नातू वाटेत उभा राहिला, की ‘पुढे हो’ असेही तीच म्हणते. शब्द एकच. पण पहिल्या ठिकाणी तो तुळशीला चिकटला आहे, दुसऱ्या ठिकाणी मोकळा. चिकटला तर शब्दयोगी, मोकळा तर क्रियाविशेषण. नाशिकच्या पोराला होळकर पुलाखाली वाहणारे पाणी आणि खाली वाकून ते पाहणे यांतला भेद व्याकरणावाचून कळतो. तोच पोरगा इंग्रजीच्या तासाला ‘डाउन’ची जात विचारली, की पाठ केलेली यादी घोकू लागतो.

या गोंधळाचे मूळ जुने आहे. ग्रीक वैयाकरणांनी या जातीला ‘आधी ठेवलेला’ अशा अर्थाचे नाव दिले. लॅटिनने त्याचे भाषांतर केले आणि इंग्रजीने ते लॅटिनकडून उचलले. नाव जागेवरून पडले, कामावरून नव्हे. १७९५ साली निघालेल्या लिंडले मरे यांच्या व्याकरणाने पुढे कित्येक वर्षे इंग्रजी शाळांवर राज्य केले. १८३६ मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांनी पंचविशीही गाठली नव्हती. इंग्रजी व्याकरणाचा साचा समोर होता. पण मराठीत हा शब्द नामाच्या आधी येतच नाही, मागून येतो! ‘आधी ठेवलेला’ हे नाव इथे हास्यास्पद ठरले असते. मराठी व्याकरणात रुळले ते ‘शब्दयोगी’. माझ्या मते मूळ नावाहून हे सरस आहे. त्यात जागा नाही, नाते आहे.

आणि हे नाते इंग्रजीतही तपासता येते. मराठीत शब्दयोगी जोडताना नामाचे सामान्यरूप होते, ‘घर’चे ‘घरा’. इंग्रजी नामे हलत नाहीत, पण सर्वनामे हलतात. ‘आफ्टर हिम’मध्ये ‘ही’चा ‘हिम’ झाला, म्हणून ‘आफ्टर’ शब्दयोगी. ‘आफ्टर ही लेफ्ट’मध्ये तो ‘ही’च राहिला, कारण पुढे सबंध वाक्य उभे आहे, तिथे ‘आफ्टर’ उभयान्वयी.

खरा चकवा वेगळाच. ‘सिट ऑन द मॅट’ आणि ‘पुट ऑन द कोट’: दोन्हीकडे ‘ऑन’पुढे नाम. नामाऐवजी ‘इट’ घालून पाहावे. ‘सिट ऑन इट’ म्हणतात, पण ‘पुट इट ऑन’. म्हणजे दुसऱ्या ‘ऑन’चे सूत कोटाशी नव्हे, क्रियापदाशी जमले आहे. पाणिनीने संस्कृतात असाच भेद केला होता. ‘अनुगच्छति’मधला ‘अनु’ धातूला लागलेला उपसर्ग. ‘रामम् अनु लक्ष्मणः’ यातला ‘अनु’ कर्मप्रवचनीय, त्याच्यामुळेच ‘रामम्’ ही द्वितीया. निदान पंचवटीत तरी या उदाहरणाचा अर्थ सांगावा लागू नये!

डॅनिश भाषापंडित ऑटो येस्पर्सन यांनी १९२४ साली तर या भिंतीच पाडायला काढल्या. क्रियापद सकर्मक असो वा अकर्मक, क्रियापदच राहते. मग ‘आफ्टर’पुढे नाम आले, वाक्य आले किंवा काहीच आले नाही, एवढ्यावरून त्याच्या तीन जाती का कराव्यात, असा त्यांचा मुद्दा. मराठीला तो परका वाटू नये. ‘नंतर ये’, ‘जेवणानंतर ये’, ‘तो गेल्यानंतर ये’: आपला ‘नंतर’ तिन्ही ठिकाणी हजर आहे. फरक इतकाच, की तिसऱ्या ठिकाणी इंग्रजी सबंध वाक्य उभे ठेवते आणि मराठी ‘गेला’चे ‘गेल्या’ करून ‘नंतर’ला जागा करून देते.