दिल्लीच्या दप्तरातील दिवस

शुक्रवार, दिनांक २२ मार्च १९५७ या दिवशी भारताच्या कारभारात एक नवी कालगणना सुरू झाली. तो दिवस १ चैत्र शके १८७९ असा गणला गेला. केंद्र सरकारचे राजपत्र, आकाशवाणीची वार्तापत्रे, सरकारी दिनदर्शिका आणि सरकारने जनतेला उद्देशून केलेला पत्रव्यवहार या चार ठिकाणी इंग्रजी तारखेसोबत राष्ट्रीय दिनांक द्यावयाचा, असे ठरले. दिल्लीहून निघणाऱ्या राजपत्राच्या मथळ्यावर आजही दोन्ही दिनांक शेजारी शेजारी छापलेले असतात. परंतु त्याच दिल्लीत, नई सडकेवरील किंवा चावडी बाजारातील कागदाच्या दुकानांत नव्या वर्षाची दैनंदिनी घेण्यास जो कारकून, विद्यार्थी अथवा गृहिणी जाते, तिच्या हाती येणाऱ्या वहीत दर पानाच्या माथ्यावर इंग्रजी तारीखच ठळकपणे असते. राजपत्राने स्वीकारलेला दिवस लोकांच्या वहीत का उतरला नाही, या प्रश्नाचे उत्तर शोधू जाता अडीचशे-तीनशे वर्षे मागे जावे लागते. आणि त्या वाटेवर मराठी माणसाच्या पाऊलखुणा ठिकठिकाणी आढळतात.

खुद्द 'रोजनिशी' हा शब्दच दिल्लीच्या दरबारी भाषेचा वारसा सांगतो. फारसीत 'नवीस' म्हणजे लिहिणारा. त्यापासून आपल्याकडे फडणीस, चिटणीस, पारसनीस ही पदे आली आणि पुढे ती आडनावे होऊन बसली. मोगल दरबारात घडणाऱ्या गोष्टींची रोजच्या रोज नोंद करणारा तो वाकेनवीस. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत हेच काम वाकनिसाकडे, म्हणजे मंत्र्याकडे होते. दत्ताजी त्रिंबक हे त्या पदावर होते. राजाचा दिवस कसा गेला, कोण भेटीस आले, काय ठरले, हे टिपून ठेवणे हे राज्याच्या आठ प्रमुख कामांपैकी एक मानले गेले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. लेखनाविषयीची हीच आस्था समर्थांच्या दासबोधातही दिसते. अक्षर, समास, शाई, बोरू यांच्या निगेसाठी त्यांनी एक संपूर्ण समास खर्ची घातला आहे.

१७१९ साली बाळाजी विश्वनाथ चौथाई, सरदेशमुखी व स्वराज्य यांच्या सनदा घेऊन दिल्लीहून परतले. त्या स्वारीत गेलेले नाशिककडचे महादेवभट हिंगणे पुढे मराठ्यांचे वकील म्हणून दिल्लीस राहिले आणि त्यांच्या मागून बापूजी, दामोदर, पुरुषोत्तम, देवराव या त्यांच्या घराण्यातील मंडळींनी ते काम चालविले. या घराण्याच्या कागदपत्रांचे खंड ग. ह. खरे यांनी संपादून पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातर्फे प्रसिद्ध केले. द. ब. पारसनीसांनी 'दिल्ली येथील मराठ्यांची राजकारणे' या नावाने या राजधानीतील पत्रव्यवहार त्याआधीच छापला होता. ही पत्रे चाळली म्हणजे परमुलुखात बसून रोज पाहावे, ऐकावे, टिपावे आणि पुण्यास कळवावे, या कामाचा नेट ध्यानात येतो.

या वकिलाच्या कामात एक अडचण अशी होती की, तिची आज कल्पनाही येणे कठीण. ती अडचण म्हणजे पानाच्या माथ्यावर दिवस कोणता लिहावा! बादशाही दरबारात हिजरी सन व बादशहाच्या तख्तनशिनीपासून मोजलेले जुलूस वर्ष चाले. मराठ्यांच्या दप्तरात अरबी अंकनावांनी लिहिला जाणारा सुहूर सन असे. त्याचा आरंभ सूर्य मृग नक्षत्रात शिरला म्हणजे होई, म्हणून त्यास मृगसाल असेही म्हणत. शेतीच्या वसुलाला तोच सोयीचा. त्या सनासोबत मुसलमानी महिन्यातील चंद्राचा दिवस घालीत. धर्मकृत्यांसाठी शालिवाहन शक आणि तिथी होतीच. उत्तरेकडील सावकार मात्र विक्रम संवत लिही. त्यातही एक मोठी गोम होती. महाराष्ट्रात महिना अमावास्येस संपतो, तर दिल्लीकडे तो पौर्णिमेस संपतो. त्यामुळे शुद्ध पक्षात दोघांचा महिना एकच असला, तरी वद्य पक्षात उत्तरेचा महिना एक पाऊल पुढे जातो. पुण्यातील श्रावण वद्य अष्टमीची कृष्णजयंती दिल्लीत भाद्रपद कृष्ण अष्टमीस होते. पुण्यातील माघ वद्य चतुर्दशीची शिवरात्र दिल्लीत फाल्गुनात पडते. दिवस तोच, चंद्र तोच, उपवासही तोच. परंतु महिन्याचे नाव निराळे! दिल्लीच्या पेढीवरील हुंडीची मुदत आणि पुण्याच्या फडातील नोंद यांचा मेळ घालताना कारकुनास किती सावध राहावे लागत असेल, हे यावरून समजेल.

पुढे इतिहाससंशोधकांनाही याचा त्रास झाला. पत्र लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला साल ठाऊकच असे. म्हणून पुष्कळ पत्रांत नुसता महिना आणि दिवस आढळतो, साल आढळत नाही. मजकुरातील एखादी स्वारी, एखादा मृत्यू, एखादे ग्रहण यांच्या आधारे आणि जंत्री पुढे ठेवून ते साल ठरवावे लागते. लिहिणाऱ्याने त्या दिवशी चार अक्षरे अधिक लिहिली असती, तर संशोधकांचे आयुष्यातील कित्येक महिने वाचले असते.

याच्या उलट शिस्तीचा नमुना म्हणजे पेशव्यांचे पुणे येथील हुजूर दप्तर होय. त्याचे चालते दप्तर आणि एकबेरीज दप्तर असे मुख्य विभाग होते. चालू कामकाज पहिल्यात चाले. जमाखर्चाचे सर्व कागद दुसऱ्यात एकत्र होऊन लावले जात. येथील पद्धतीचे मर्म दोन वह्यांत होते. पहिली रोजकीर्द: जे घडले ते, ज्या दिवशी घडले त्याच दिवसाखाली, कोणतीही निवड न करता लिहावयाचे. दुसरी खतावणी: तेच तपशील नंतर विषयवार वा नाववार वेगळे काढून आपापल्या खात्यात घालावयाचे. एकीत काळाचा क्रम, दुसरीत कामाचा क्रम. पहिलीवाचून दुसरीस आधार नाही. दुसरीवाचून पहिलीतले काही सापडत नाही. आज दिल्लीतील एखादा अधिकारी टेबलावर तारखांची दैनंदिनी आणि शेजारी कामांची निराळी टिपणवही ठेवतो, तेव्हा तो नकळत याच जुन्या जोडीचा अवलंब करीत असतो. मोडी अक्षरांत भरलेले आणि कापडी रुमालांत बांधलेले ते कागद हजारोंच्या संख्येने पुण्याच्या पुराभिलेखागारात आज सुरक्षित आहेत. नानांच्या काळापर्यंत नेटके असलेले हे दप्तर दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीत हेळसांडीस लागले, असे १८१८ नंतर त्याची पाहणी करणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांना आढळून आले. दप्तराची शिस्त ही वहीत नसते, ती वही रोज उघडणाऱ्या माणसात असते, याची ही साक्ष होय.

ज्या नाना फडणिसांचे नाव या शिस्तीशी कायमचे जोडले गेले, त्यांचा दिल्लीच्या परिसराशी आलेला संबंध मोठा करुण आहे. १७४२ मध्ये जन्मलेले नाना ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर, तीर्थयात्रेच्या हेतूने, आई व पत्नी यांसह भाऊसाहेबांच्या सैन्याबरोबर उत्तरेत गेले. पौष शुद्ध अष्टमी शके १६८२, म्हणजे १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सर्वनाश झाला. नाना जीव वाचवून निघाले. पुढे पत्नीची भेट झाली. आई मात्र कायमची अंतरली. हा प्रसंग नानांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवला आहे. ते आत्मवृत्त अगदी लहान आहे आणि त्यात स्वतःच्या दोषांचीही कबुली आहे. लक्षावधी रुपयांचा हिशेब दिवसागणिक मांडावयास लावणाऱ्या या पुरुषाने आपल्या अंतःकरणाचा हिशेबही एकदा मांडून पाहिला. राज्याची वही आणि मनाची वही या दोन्ही एकाच माणसाजवळ असू शकतात, हे त्यावरून दिसते.

दिवस अचूक मोजण्याचा प्रयत्नही दिल्लीने केला होता. सवाई जयसिंगाने १७२४ च्या सुमारास येथे जंतरमंतर ही वेधशाळा उभारली. ग्रहांची गणिताने आलेली स्थाने आणि आकाशात दिसणारी स्थाने यांत पडलेले अंतर दूर करावे, हा त्याचा हेतू होता. त्याच्या पदरी असलेले जगन्नाथ पंडित सम्राट हे मूळचे महाराष्ट्रीय होते, असे मानले जाते. त्यांनी युक्लिडची भूमिती 'रेखागणित' या नावाने संस्कृतात आणली. आज नव्या दिल्लीच्या उंच इमारतींच्या सावलीत ती प्रचंड यंत्रे उभी आहेत. दगडाची का होईना, ती दिवसाची वहीच होय.

११ सप्टेंबर १८०३ रोजी यमुनेपलीकडे पटपडगंजच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेचा पराभव होऊन दिल्ली इंग्रजांच्या हाती गेली. मराठ्यांचे दप्तर तेथून उठले आणि हळूहळू इंग्रजी तारखेचा अंमल सुरू झाला. याच सुमारास, १८१२ मध्ये, लंडनच्या जॉन लेट्स या कागदविक्रेत्याने तारखा छापलेली दैनंदिनी विक्रीस काढली. ही गोष्ट वरवर क्षुल्लक दिसते. परंतु तिने वहीचे स्वरूपच पालटले. रोजकिर्दीत झालेला दिवस लिहिला जाई. दिवस उगवल्यावाचून त्याचे पान नसे. छापील दैनंदिनीत न उगवलेल्या दिवसांचीही पाने आधीच तयार असतात. मनुष्य त्यांवर उद्याची भेट, पुढील महिन्याचा हप्ता, सहा महिन्यांनंतरची परीक्षा लिहू लागला. स्मरणाची वही संकल्पाची वही झाली.

आपल्याकडे पुढील दिवसांची पाने पंचांगाने फार पूर्वीच दिली होती, हेही खरे. मुंबईस गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मराठी पंचांग छापले आणि ते घरोघर पोहोचण्याचा मार्ग मोकळा झाला. मात्र पंचांग दिवसाचा गुण सांगते, दिवसाचे काम लिहिण्यास जागा देत नाही. ती जागा पुढे भिंतीवरील दिनदर्शिकेने दिली. १९७३ पासून निघालेल्या 'कालनिर्णया'च्या चौकटींत तिथी, सण आणि इंग्रजी तारीख एकत्र आली, आणि त्याच चौकटीत दुधाचा रतीब न आल्याची खूणही उमटू लागली. हीच सामान्य संसाराची रोजकीर्द होय.

१९५२ साली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने दिल्लीत कालगणना सुधार समिती नेमली, तेव्हा देशात सुमारे तीस पंचांगपद्धती प्रचारात होत्या. डॉ. मेघनाद साहा हे अध्यक्ष होते. सभासदांत नागपूरचे डॉ. के. ल. दप्तरी, 'केसरी'चे माजी संपादक ज. स. करंदीकर आणि उज्जैनचे रा. वि. वैद्य होते. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ मध्ये 'भारतीय ज्योतिषशास्त्रा'चा पाया घातला आणि लोकमान्य टिळकांनी पंचांगशोधनाचा हिरिरीने पुरस्कार केला. त्या परंपरेचा धागा अशा रीतीने राजधानीपर्यंत पोहोचला. समितीचा अहवाल १९५५ मध्ये बाहेर पडला. तिने आखलेले वर्ष अत्यंत सुटसुटीत आहे: चैत्राचे तीस दिवस, वैशाख ते भाद्रपद प्रत्येकी एकतीस आणि आश्विन ते फाल्गुन प्रत्येकी तीस, इंग्रजी लीप वर्षी चैत्रास एक दिवस अधिक. त्यामुळे १५ ऑगस्ट सदैव २४ श्रावण आणि २६ जानेवारी सदैव ६ माघ असते. डॉ. साहांना मात्र ही गणना सुरू झालेली पाहावयास मिळाली नाही. १६ फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत नियोजन मंडळाच्या कचेरीकडे जात असताना त्यांचे आकस्मिक निधन झाले.

इतकी शास्त्रशुद्ध योजना लोकांच्या वहीत का रुजली नाही? याचे कारण आळस नव्हे, की परक्याचे प्रेमही नव्हे. लोकांना दिवस दोन कामांसाठी लागतो. पगार, भाडे, शाळा, आगगाडी यांसाठी लागणारा दिवस इंग्रजी महिन्याने ठरतो. सरकारचे स्वतःचे आर्थिक वर्षही १८६७ पासून १ एप्रिलपासूनच सुरू होते. व्रते, सण, श्राद्धे यांसाठी लागणारा दिवस तिथीने ठरतो. राष्ट्रीय दिनांक या दोहोंपैकी कोणतेच काम करीत नाही. उलट महिन्यांची नावे तीच ठेवल्याने थोडा गोंधळच होतो. भाद्रपद शुद्ध चतुर्थीस येणारी गणेशचतुर्थी २०२० साली २२ ऑगस्टला झाली, आणि त्या दिवशी राष्ट्रीय दिनांक होता ३१ श्रावण! भाद्रपदाचा गणपती श्रावणात बसविण्यास कोणती गृहिणी तयार होईल? हिंगण्यांच्या कारकुनाची पुणे-दिल्ली अडचणच येथे नव्या रूपाने उभी राहते.

तथापि त्या समितीचे श्रम वाया गेले, असे म्हणता येणार नाही. एका देशात तीस गणिते चालत असताना सर्वांना समान असा एक दिवस दाखवून देणे, हे राज्याचे कर्तव्य होते आणि ते तिने पार पाडले. तो दिवस वापरावयाचा की नाही, हे प्रत्येकाच्या वहीवर राहिले. चावडी बाजाराचे नाव आपल्या मराठी 'चावडी' शब्दावरून पडले, असे सांगतात. चावडीवर गावाचे दप्तर असे आणि गावाचा न्यायही होई. त्याच बाजारातील कागद आज असंख्य घरांत जातो. त्यावर कोणत्या सनाची तारीख छापली आहे, हा प्रश्न गौण नव्हे. परंतु तारखेखालील ओळ कोरी राहिली, तर त्या तारखेचा उपयोग तरी काय? दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या वकिलांनी, चार सनांच्या गोंधळातही, दिवस मावळण्यापूर्वी चार ओळी लिहिल्या; म्हणूनच त्यांची दिल्ली आज वाचता येते.