हवा खाणारा सरडा

मुदखेडहून आदिलाबादकडे जाणारी गाडी भोकर मागे टाकून किनवटच्या दिशेने निघाली की शेतांच्या कडेने सागाची झाडी दाटू लागते. या कोरड्या रानात आणि बांधावरच्या बाभळी-निंबांवर घोयरा सरडा, म्हणजे इथला शॅमेलिऑन, राहतो. डोळे दोन, पण एक पुढे बघतो तर दुसरा मागे. पाय चिमट्यासारखे, शेपूट फांदीला गुंडाळलेली, आणि चाल अशी की पाऊल टाकायचे की नाही याचा विचार अजून चाललाय.

जनावरे पाळायची हौस या मुलखाला कमी नाही. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडे, उंट, गाढवे, कुत्री असा सगळा बाजार भरतो. घोयऱ्याच्या वाट्याला मात्र ही हौस आली नाही. आला तो दगड. तो विषारी असतो हा समज गावोगाव पक्का आहे. प्रत्यक्षात त्याच्या चाव्यात विष नसते, आणि मुळात तो माणसापासून लांबच राहू बघतो.

पोरांचे कुतूहल मात्र फार जुने. भागवताच्या दशम स्कंधात यादवांच्या मुलांना कोरड्या विहिरीत एक प्रचंड सरडा दिसतो आणि ती दोर लावून त्याला वर ओढू पाहतात. तो निघतो नृग राजा. दान दिलेली गाय चुकून दुसऱ्याला दिल्याने त्याला हा जन्म मिळालेला. कृष्ण येतो, त्याला बाहेर काढतो, राजा सुटतो. सरडा होणे ही शिक्षाच, असे मानणाऱ्या समाजात तो अंगणात पाळला जाणे अवघडच होते.

युरोपात ही हौस रुजली, पण तिथेही पहिला घोळ खाण्यावरूनच. ॲरिस्टॉटलने शॅमेलिऑनचे बारकाईने वर्णन केले होते. तरी रोमच्या प्लिनीने लिहून ठेवले की हा प्राणी काही खात-पीत नाही, हवेवर जगतो. पुढची दीड हजार वर्षे शहाणीसुरती माणसेही हेच सांगत राहिली. याचे कारण समजण्यासारखे आहे. शॅमेलिऑन तासन्‌तास हलत नाही, आणि शिकार करतो तेव्हा जीभ इतक्या वेगाने सुटते की नजर दुसरीकडे असली तर काही झालेच नाही असे वाटते.

पॅरिसमध्ये क्लोद पेरो या वैद्याने शॅमेलिऑनची चिरफाड करून 1669 मध्ये त्याचे वर्णन छापले. (लूव्र राजवाड्याच्या खांबओळीच्या आराखड्याशीही याच माणसाचे नाव जोडले जाते. तेव्हाची माणसे एका धंद्यात मावत नसत.) त्यानंतर काही वर्षांतच कादंबरीकार मादलेन द स्क्युदेरी हिने दोन शॅमेलिऑन घरात पाळले आणि त्यांच्यावर लिहिलेही. आवडीने पाळून, रोज बघून लिहिण्याची या छंदाची रीत तिच्यापाशी चांगली ओळखू येते.

आजचा छंद मात्र वेगळाच खर्चिक झाला आहे. वाटीतले पाणी या प्राण्याला सहसा समजत नाही. तो पानावरचे थेंब चाटतो, म्हणून पिंजऱ्यात फवारा लागतो. खायला जिवंत रातकिडे, तेही कॅल्शियमच्या भुकटीत घोळवलेले. भुकटी चुकली किंवा अतिनील किरणांचा दिवा नसला की हाडे मऊ पडतात, जबडा वाकतो. भोकरच्या घोयऱ्याला हे सगळे बांधावर फुकट मिळते: मराठवाड्याचे ऊन, पावसाळ्यातले नाकतोडे, पानांवरचे दव.

या इतिहासात 1972 हे साल दोनदा येते. त्या वर्षी हवाई बेटांवरच्या एका दुकानदाराने केनियाहून जॅक्सन जातीचे काही डझन तीन शिंगी शॅमेलिऑन मागवले. प्रवासाने सुकलेली जनावरे ताजीतवानी व्हावीत म्हणून ती परसात मोकळी सोडली. ती गेली ती गेलीच, आणि आज त्यांची प्रजा तिथल्या दुर्मीळ गोगलगायी आणि किडे फस्त करते. त्याच वर्षी भारतात वन्यजीव संरक्षण कायदा झाला. घोयरा त्याच्या अनुसूचीत आहे, त्यामुळे त्याला पकडणे, विकणे किंवा घरात कोंडणे हा गुन्हा ठरतो.

परदेशी जातींचा रस्ता मात्र उघडा राहिला. येमेनचा शॅमेलिऑन पिंजऱ्यात सहज वाढतो, म्हणून तो जगभरच्या छंदिष्टांचा लाडका झाला. 2022 च्या दुरुस्तीने वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या विदेशी प्राण्यांसाठी कायद्यात वेगळी अनुसूची आली, आणि 2024 च्या नियमांनी त्यांची नोंद ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर करणे बंधनकारक केले. म्हणजे भोकरच्या एखाद्या घरात येमेनचा पाहुणा कागदपत्रांसह राहू शकतो. दारातल्या निंबावरचा घोयरा आत आणला, तर गाठ वनखात्याशी.