ज्ञानेश्वरीतील अलंकार आणि नाद : एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :
मराठी काव्याच्या अध्यापनात अलंकार आणि नाद यांचा विचार बहुधा स्वतंत्रपणे केला जातो. उपमा-रूपकांची उदाहरणे एका प्रकरणात, तर यमक, अनुप्रास व छंद दुसऱ्या प्रकरणात येतात. ही विभागणी शास्त्राच्या सोयीची असली, तरी मराठीच्या आद्य ग्रंथांपैकी एक असलेल्या ज्ञानेश्वरीला ती लागू पडते काय, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे. शके १२१२ (इ.स. १२९०) मध्ये, रामदेवराव यादवाच्या कारकिर्दीत, प्रवरातीरावरील नेवासे येथे हा ग्रंथ सिद्ध झाला. २०२४ मध्ये अहिल्यानगर हे नाव मिळालेल्या अहमदनगर जिल्ह्यातील हे स्थान होय. ग्रंथ श्रोत्यांसमोर सांगितला गेला व सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. म्हणजेच त्याचे पहिले ग्रहण डोळ्यांनी नव्हे, कानांनी झाले.

ग्रंथांतर्गत पुरावा :
ओवीचे पहिले तीन चरण सयमक असतात. चौथा सामान्यतः आखूड व यमकमुक्त असतो. अक्षरसंख्येचे बंधन शिथिल असल्याने दृष्टांताला ऐसपैस जागा मिळते, आणि तीन यमकांनी वाढवलेली अपेक्षा चौथ्या चरणात विसावते. ज्ञानेश्वरांना या ऐक्याची जाणीव होती. पहिल्या अध्यायातील गणेशरूपकात वाङ्मय हीच गणेशाची मूर्ती आहे. तेथे काव्य-नाटके या क्षुद्रघंटिका असून अर्थ हा त्यांचा ध्वनी आहे. अर्थाला नादाचे रूप देणारे हे रूपक काव्यशास्त्रीय विधानच ठरते. सहाव्या अध्यायात ते म्हणतात की, बोलाच्या रसाळपणाच्या लोभाने कानांनाच जिभा फुटतील आणि इंद्रियांत कलह माजेल. येथे नादाचे वर्णन करण्यासाठीच अलंकार राबवला आहे.

संहितेचा इतिहास :
हा प्रश्न केवळ रसास्वादाचा नाही. शके १५०६ (इ.स. १५८४) मध्ये एकनाथांनी पाठभेदांनी दूषित झालेल्या प्रतींचे शुद्धीकरण केले. ग्रंथात स्वतःची ओवी घालणारा अमृताच्या ताटात नरोटी ठेवतो, असा इशाराही त्यांच्या नावे प्रसिद्ध आहे. या इशाऱ्यातील ‘नरोटी’ हा शब्द केवळ उपमानासाठी आलेला नाही. आधीच्या तीन चरणांच्या शेवटी घुमणारे ट-ठ हे मूर्धन्य वर्ण त्यात पुन्हा वाजतात. प्रक्षेपाविरुद्धचा निषेधही अलंकार आणि नाद यांच्या संयोगातूनच प्रभावी होतो. पुढे १९०९ मध्ये वि. का. राजवाडे यांनी एकनाथपूर्व मानलेल्या प्रतीच्या आधारे ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली आणि भाषेच्या प्राचीन रूपांचा प्रश्न ऐरणीवर आणला.

यातून एक पद्धतीविषयक सूत्र हाती येते. यमकस्थानचा शब्द बदलला तर उरलेले दोन चरण त्याची चुगली करतात. चरणाच्या मध्यातील शब्द मात्र निमूटपणे बदलू शकतो. म्हणून नाद हा पाठनिर्णयाचा एक साक्षीदार मानता येतो. अर्थात, ही साक्ष निर्णायक नव्हे. कुशल नकलकार तिन्ही चरण जुळवून घेऊ शकतो. तरीही उपमेची चिकित्सा करताना प्रत कोणती, हे न विचारणे धोक्याचे आहे.

परंपरा :
याच जिल्ह्यातील ताहराबादच्या महीपतींनी १७६२ मध्ये ‘भक्तविजय’ ओवीतच रचला. नगरशी निगडित असलेल्या ना. वा. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’साठी ओवीच निवडली. १९१९ मध्ये त्यांच्या निधनाने अपुरे राहिलेले हे काव्य लक्ष्मीबाईंनी पुरे केले. संप्रदाय बदलला, पण ऐकवण्यासाठी रचण्याची रीत टिकली.

निष्कर्ष :
ज्ञानेश्वरीत नाद हा अलंकाराचा आश्रय आहे. तो वरून चढवलेला साज नाही. त्यामुळे वर्गात ओवीतील अलंकार ओळखण्यापूर्वी ओवी मोठ्याने म्हणणे ही अभ्यासाची पहिली पायरी ठरते. जो ग्रंथ कानांना जिभा फुटण्याची भाषा करतो, तो मुक्याने शिकवला तर त्याचा अर्धा अर्थ ऐकायचाच राहून जातो.