मंडईला नाव त्यांचे, विरोधही त्यांचाच

पुण्याच्या महात्मा फुले मंडईत भाजी घेणाऱ्या अनेकांना ठाऊक नसते की, ही इमारत बांधायला खुद्द जोतीरावांचा विरोध होता. १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. मंडईचा प्रस्ताव आला तेव्हा 'हा पैसा शिक्षणावर खर्च करा' असे त्यांचे म्हणणे होते. ते मानले गेले नाही. १८८६ मध्ये मंडई सुरू झाली आणि तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव मिळाले. फुल्यांचे नाव पुष्कळ नंतर आले.

प्रस्तावाच्या बाजूचे सदस्य काही अडाणी नव्हते. शहराला बाजार हवा, हे त्यांचे म्हणणे खोटेही नव्हते. मंडई आजही गजबजलेली आहे. पण फुल्यांचा प्रश्न त्याच्या मागचा होता : पैसा कुणाचा, आणि आधी गरज कशाची? १८८२ मध्ये हंटर आयोगापुढेही त्यांनी तेच मांडले. महसूल रयत भरते, मग शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गालाच का? प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचे करा, ही मागणी त्यातूनच आली.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. उर्दूत अक्ल आणि शऊर हे दोन वेगळे शब्द आहेत. मराठीत बुद्धी आणि विवेक. शाळेत गुण मिळतात ते पहिलीला. झटपट उत्तर देणारे मूल हुशार, आणि 'सर, हे कशावरून?' विचारणारे आगाऊ! पण नुसती बुद्धी कुणाचीही चाकरी करते. हुशार माणूस स्वतःच्या पूर्वग्रहालाही झकास पुरावे जोडून देतो. मोबाइलवर आलेला मजकूर, आपल्या बाजूचा असो की विरुद्ध, तपासून पाहायची सवय नसेल, तर नव्वद टक्क्यांची गुणपत्रिका काय कामाची? आपल्या समाजाला तर ही उणीव दुप्पट महाग पडते : अफवा आपल्याबद्दलही पसरतात आणि आपल्यातही.

जोतीरावांची शाळा लहानपणी सुटली होती. उर्दू-फारसीचे शिक्षक गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी वडील गोविंदरावांची समजूत घातली, म्हणून १८४१ मध्ये ते पुन्हा शाळेत गेले. बुद्धी त्या मुलाजवळ होतीच. प्रश्न विचारण्याइतके बळ तिला पुढे शिक्षणाने दिले. मुन्शींच्या पेशातल्या आपण सगळ्यांनी वर्गातल्या त्या 'कशावरून?'ला खाली बसवू नये, एवढे तरी करता येईल.