एकशिक्षकी शाळा
ज्या प्राथमिक शाळेत सर्व इयत्तांचे अध्यापन एकच शिक्षक करतो, तीस एकशिक्षकी शाळा म्हणतात. मध्यंतरी बदली न झाल्यास पहिलीत आलेले मूल चौथी उत्तीर्ण होईपर्यंत त्याच शिक्षकाच्या हाताखाली राहते, हा तिचा विशेष होय. पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर तालुक्यांत अशा शाळांची गरज वस्तीच्या स्वरूपामुळे भासली. नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात शेतकरी मूळ गावापासून दूर मळ्यांत राहू लागले. जिराईत भागात वस्ती मुळातच विरळ. अशा वाडीवर जेमतेम पंधरा-वीस मुले, व ती चार इयत्तांत विभागलेली.

ही पद्धत नवी नव्हे. पंतोजीच्या शाळेत इयत्ता नसत. धूळपाटीवर अक्षरे गिरविणारा, पावकी-निमकी घोकणारा आणि मोडी वाचणारा एकाच ओसरीवर बसत. पुढची मुले मागच्यांना शिकवीत. मुंबई इलाख्यातील १८२०–३० या दशकातील देशी शाळांची पाहणी रा. वि. परुळेकर यांनी पुढे संपादून प्रसिद्ध केली. इंग्रजी अमदानीत इयत्ता, ठराविक अभ्यासक्रम व तपासणी आली. लहान गावी शिक्षक मात्र एकच राहिला. अडचण उद्भवली ती यातून. स्वतंत्र वर्गांसाठी आखलेला अभ्यासक्रम एकाने चार गटांना शिकवायचा, म्हणजे एका गटास पाठ देताना उरलेल्या तिघांना लेखनात गुंतवून ठेवणे आले. हार्टोग समितीने १९२९ मध्ये शिक्षणातील गळतीचा विचार करताना अशा शाळांवर दोष ठेवला. जे. पी. नाईक यांनी मात्र या विषयावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. ते सदस्य-सचिव असलेल्या कोठारी आयोगाने (१९६४–६६) पहिली व दुसरी, आणि शक्य तेथे चारही इयत्ता, एकच घटक मानाव्यात अशी शिफारस केली.

दीर्घ सहवासाचे मोल अन्यत्रही ओळखले गेले. रूडोल्फ श्टाइनर यांनी १९१९ मध्ये श्टुटगार्ट येथे काढलेल्या शाळेत एकच वर्गशिक्षक आठ वर्षे त्याच मुलांबरोबर वर चढत जाई. तेथे ही योजना होती. वाडीवरच्या शाळेत ती निव्वळ टंचाई. तरीही कोणते मूल सुगीत गैरहजर राहते, कोणाचे गणित कोठे अडते, हे दरवर्षी नव्याने जाणून घ्यावे लागत नसे. उलट शिक्षकाचा एखादा विषय कच्चा असला तर तो मुलांचाही चार वर्षे कच्चाच राही. एखाद्या मुलाविषयी त्याचा ग्रह वाईट झाला, तर दाद मागण्यास दुसरा गुरुजी नसे. हा दोष अहवालांत क्वचितच नोंदला जातो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार (१९८६) आलेल्या खडू-फळा योजनेत अशा शाळांना दुसरा शिक्षक, शक्यतो स्त्री-शिक्षिका, देण्याचे ठरले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेसही किमान दोन शिक्षक आवश्यक ठरविले. द्विशिक्षकी शाळेत सामान्यतः प्रत्येकाकडे दोन इयत्ता येतात. त्यामुळे चार वर्षांचा सहवास बहुधा दोनवर येतो, मात्र शिक्षक रजेवर गेल्यास शाळेला कुलूप लागत नाही. दुसरी जागा रिकामी राहिली, तर जुनीच स्थिती परत येते.